निराधारची फाईल आणि खिडकीतला एक प्रश्न

'नवरा कशानं वारला?' हा प्रश्न संजय गांधी निराधारच्या अर्जात आमच्या वहिनीला कुठेच विचारलेला नव्हता. तरी तहसीलच्या खिडकीतल्या बाबूने तो विचारला, तोही अशा आवाजात की मागची रांग कान टवकारून उभी. रांगेत आमच्याच गावची माणसं. एक म्हातारी तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुन्या वहिनीले काय व्हयेल शे रे भो?"

दादा एचआयव्हीने गेला. वहिनीही पॉझिटिव्ह आहे, एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या घेते, तब्येत ठीक आहे, हंगामात कापूस वेचायलाही जाते. गावाला यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नाही. दोन लेकरं गावातल्याच शाळेत आहेत.

या योजनेत एचआयव्ही बाधितांनाही महिना 1500 रुपये मिळतात. आम्ही ते कागद गोळाही करायला निघालो होतो. पण आमच्याकडे पॉझिटिव्ह लोकांनीच चालवलेलं एक मंडळ आहे. तिथल्या ताई स्वतः गोळ्यांवर आहेत आणि असल्या फायली फिरवून फिरवून पक्क्या झाल्यात. त्यांनी सांगितलं, "विधवा म्हणून अर्ज कर ना. रक्कम तेवढीच. आजार कागदावर आणायचाच कशाला?" म्हणून मृत्यू दाखला जोडला. हिरव्या पुस्तकाची, म्हणजे एआरटीच्या उपचार-नोंदींच्या पुस्तकाची, झेरॉक्स कुठेही दिली नाही. तुम्हीही देऊ नका.

बाबूचं म्हणणं एकच : "दाखल्यावर कारण नाही, दवाखान्याचा कागद आणा." अहो, मृत्यू दाखल्यावर कारण नसतंच! 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे, त्याच्या कलम 17 प्रमाणे ते दाखल्यात उघड करता येत नाही. हे मी खिडकीत सांगितलं तर उत्तर, "आम्हाला नका शिकवू." पुढच्या वेळी साहेब मिटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी दुसराच बाबू, त्याचाही तोच हट्ट. वहिनीची रोजंदारी बुडत होती, माझं डोकं तापत होतं, आणि रिक्षावाला मात्र ओळखीचा झाला. एकदा वहिनी म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, नको ते पैसे." तेव्हा मला पैशापेक्षा त्या बाबूचाच जास्त राग आला.

शेवटी ताई सोबत आल्या. भांडल्या नाहीत. घरून लिहून आणलेला कागद सरकवला : मृत्यूचं कारण कोणत्या नियमानुसार मागता ते लेखी द्यावे. एवढंच. आजाराचं नावही नाही त्यात. बाबूने कागद दोनदा वाचला, आत गेला, बाहेर आला आणि फाईलवर आवक क्रमांक टाकला. चहासुद्धा विचारला ताईंना! मला तर बसस्टँडवर येऊन जोरात ओरडावंसं वाटत होतं.

खरं तर 2017 चा एचआयव्ही कायदा 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश नसेल तर कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. पण हा कायदा खिडकीत काढला की तिथेच आजार कळतो. म्हणून ताई तो पिशवीत ठेवतात, बाहेर काढत नाहीत.

हां, उत्पन्नाचा दाखला राहिलाच सांगायचा. वर्षाला 21,000 च्या आत लागतो. तलाठ्याने थोडी कुरकुर केली, पण कोरडवाहू तुकडा बघितल्यावर दिला. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का हे आधीच बघा. आणि कागद दिला की पोच घ्या, शिक्क्यासकट.

अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक व्हायला बरेच दिवस गेले, मग मंजुरी आली, पैसे सुरू झाले.

आता लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज घातलाय, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. एका मुलामागे महिना 2250 रुपये. तिथल्या मॅडमनीही वडील कशाने गेले विचारलं. वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "दाखला जोडलाय मॅडम, पोच द्या."