सूर्यघड्याळ आणि 'विषय' नावाचा रकाना

कला आणि बाकीचे विषय एकत्र गुंफून शिकवा असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे, प्रशिक्षणातही तेच ऐकून आलो, म्हणून पुण्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर नववीच्या पोरांकडून सूर्यघड्याळ करून घ्यायचं ठरवलं. अक्षांश, त्रिकोणमिती, रंगकाम सगळं एकाच कामात. पोरं तयार, चित्रकलेच्या मॅडम तर माझ्याआधी तयार. गाडं अडलं प्रस्तावाच्या फॉर्मवर.

त्या फॉर्मात 'विषय' असा एकच रकाना. मी लिहिलं विज्ञान, गणित, चित्रकला. फॉर्म परत, एकच विषय लिहा. विज्ञान लिहिलं तर रंगाचा खर्च विज्ञानात कसा म्हणून परत. चित्रकला लिहिलं तर अर्जदार विज्ञानाचे सर कसे, पुन्हा परत. दर वेळी मुख्याध्यापकांची नवी सही, नवा शिक्का, आणि आपण गेलो की ते टेबलवाले साहेब मीटिंगला. खर्च तरी केवढा, लोखंडी पट्टी, वेल्डिंग, प्रायमर आणि ऑइलपेंट. मला राग पैशाचा नाही, वाया गेलेल्या उन्हाचा येतो, कारण सावल्यांचं काम हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हातच नीट होतं, मार्चपासून परीक्षा, मे मध्ये सुट्टी आणि जूननंतर ढग. डिसेंबर-जानेवारीचं सोन्यासारखं ऊन फायलीत गेलं. विषय एकत्र करा म्हणायचं आणि फॉर्मात जागा एकाच विषयाला ठेवायची, मग शिक्षकाने करायचं काय?

तुम्हाला करायचं असेल तर रकान्यात सरळ 'विज्ञान' लिहा आणि वेगळं जोडपत्र लावा, कुठल्या विषयाचा कुठला धडा, कुठल्या तासिकेत, कशाला किती खर्च, खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या. आमचं त्यावर मंजूर झालं. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

फेब्रुवारीत काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, सर बारा वाजले तरी सावली मधोमध का येत नाही? त्या दिवसांत पुण्यात माध्यान्ह होते 12:49 च्या आसपास. साधारण 35 मिनिटं आपण भारताची घड्याळं ज्यावर लावलेली आहेत त्या 82.5 अंश रेखांशाच्या पश्चिमेला आहोत म्हणून, आणि 14 मिनिटं सूर्य त्या काळात घड्याळाच्या मागे असतो म्हणून. पोरांनी हे फळ्यावर स्वतः मांडलं, मला फार म्हणजे फार अभिमान वाटला. तासांच्या रेषा सारख्या अंतरावर का नाहीत यावरून तर भांडणंच झाली, दुपारी बारा ते एक मध्ये जेमतेम 5 अंश आणि सकाळी त्याच्या कितीतरी पट.

उत्तर दिशेसाठी मोबाईलच्या कंपासवर जाऊ नका, जवळ लोखंड असलं की तो फिरतो. काठी उभी करा, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढा, सावलीचं टोक सकाळी आणि दुपारी वर्तुळाला जिथे टेकेल ते दोन बिंदू जोडा, ती पूर्व-पश्चिम, तिला लंब काढला की उत्तर. रंगाआधी प्रायमर लावाच, मॅडमनी तीनदा बजावलं होतं. आणि सावली पाडणारी पट्टी आपल्या गावाच्या अक्षांशाइतक्या कोनात कललेली लागते, तेव्हा वेल्डिंगवाल्याला तोंडी सांगण्यापेक्षा त्या कोनाचा, पुण्यात 18.5 अंशाचा, पुठ्ठ्याचा साचा कापून द्या.