गिरणारे ते वैतरणा : नाशिकच्या पश्चिमेकडील दोन शांत सायकलवाटा

नाशिकहून सायकलवर निघणाऱ्यांची पावले बहुधा पश्चिमेकडेच का वळतात, हे नकाशा पाहिला की लगेच उमगते. पूर्वेला कांदा, ऊस आणि महामार्ग आहेत, तर पश्चिमेला गंगापूर, काश्यपी, गौतमी गोदावरी आणि वैतरणा असे एकापाठोपाठ एक जलाशय पसरलेले असून त्यांच्या मधल्या उंचवट्यांवर अजूनही साग, ऐन आणि मोहाचे जंगल टिकून आहे. पाऊसही त्याच दिशेने वाढत जातो. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. एवढ्याशा अंतरात बदलणारा हा मुलूख मोटारीतून अर्ध्या तासात मागे पडतो आणि काहीच कळत नाही. सायकलवर मात्र तो पायांना आणि नाकाला कळतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, मी आणि माझे एक निवृत्त शिक्षक मित्र, ज्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो, अशा दोघांनी एक दिवस मध्ये विश्रांतीचा ठेवून या भागातील दोन फेऱ्या केल्या. मंगळवार आणि गुरुवार हे वार मुद्दाम निवडले होते. या वाटांवर शांतता हवी असेल तर रस्त्यापेक्षा वार आणि वेळ यांची निवड जास्त जपून करावी लागते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. ज्या रस्त्यावर मंगळवारी सकाळी सात वाजता टिटवीखेरीज कोणी बोलत नाही, त्याच रस्त्यावर रविवारी अकरा वाजता सायकल चालवणे ही शिक्षा असते.

पहिल्या दिवशी अशोकस्तंभावरून आम्ही पावणेसहाला निघालो. गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर आणि गंगापूर गाव ओलांडेपर्यंत दिवे लागतात, कारण या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याहून लवकर निघण्याचा मोह टाळावा. गोवर्धनच्या पुढे मळे सुरू होतात आणि या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. एकट्याने अंधारात जाणाऱ्याला गावकरीच थांबवून सांगतात की, दादा, उजाडू द्या. ते भीती घालण्यासाठी सांगत नाहीत, स्वतःही तसेच वागतात.

गोवर्धन ते दुगाव हा टप्पा ऑक्टोबरमध्ये पाहण्यासारखा असतो, कारण द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालू असते. छाटलेल्या बागेत हिरवे पान दिसत नाही, नुसत्या तारा आणि उघड्या काड्या. त्यांच्यात हातमोजे घातलेल्या बाया-माणसांच्या रांगा पहाटेपासून काडीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कोंबांना, पेस्ट लावत पुढे सरकत होत्या. सगळे डोळे एकदम आणि सारखे फुटावेत म्हणून ही खटपट असते. आम्ही एका बांधाला सायकली टेकवून पाच मिनिटे ते पाहत उभे राहिलो. दोन बोटांत काडी धरायची, दुसऱ्या हाताने डोळ्याला ओझरता स्पर्श करायचा आणि पुढच्या काडीकडे वळायचे, असे ते काम इतक्या लयीत चालले होते की बोलण्यात खंड पडत नव्हता. मागून येणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करतो: रस्त्यालगतच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर फवारणी करीत असेल तर वाऱ्याची दिशा पाहून आधीच थांबावे आणि तो दुसऱ्या टोकाला गेल्यावर पुढे निघावे, कारण चढावर खोल श्वास घेत असताना ते तुषार छातीत घेणे अजिबात हिताचे नाही.

गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. ते मातीचे असून त्याची साठवण क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे आणि नाशिक शहर मुख्यत्वे त्याच्यावर जगते. मात्र रस्ता सतत पाण्याच्या कडेने जातो अशी कल्पना करून निघालात तर निराशा होईल. पाणी झाडांमधून अधूनमधून दिसते आणि पुन्हा लपते. भिंतीकडे जाण्याचा किंवा तिचे छायाचित्र घेण्याचा हट्ट धरू नये, तेथे सुरक्षा असते आणि ते योग्यच आहे. खरा पाण्याचा सहवास हवा असेल तर गिरणारे ओलांडून धोंडेगावच्या बाजूला जावे. तेथे काश्यपी धरणाचा जलाशय आहे. त्याची क्षमता १,८५२ दशलक्ष घनफूट, म्हणजे गंगापूरच्या एकतृतीयांशाच्या आसपास. पण डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे तो डोळ्यांना मोठा वाटतो. पाणी काठोकाठ होते. पाण्यात अर्धवट बुडालेल्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, आणि आम्ही उभे असेपर्यंत रस्त्यावरून दूध घेऊन जाणारी एक मोटारसायकल सोडली तर काहीही गेले नाही.

धोंडेगावच्या जवळ माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हा प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण तसा तो कोणावरही येऊ शकतो. माझ्याकडे जादा ट्यूब होती, टायर काढण्याचे लिव्हर होते आणि हातपंपही होता. पण पंपाच्या तोंडातले रबरी वायसर झिजले होते आणि हवा ट्यूबमध्ये जाण्याऐवजी माझ्या मनगटावर येत होती. महिनाभर मी तो पंप वापरलाच नव्हता, त्यामुळे दोष सर्वस्वी माझा. सरांची सायकल हायब्रिड, तिचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड. माझ्या सायकलीचा मात्र बारीक, प्रेस्टा पद्धतीचा. सरांचा पंप माझ्या ट्यूबला बसेना. सायकल ढकलत आम्ही पंक्चरच्या एका टपरीपर्यंत गेलो. तेथील तरुणाने व्हॉल्व्हकडे पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, ह्याची टोपी आहे का?” जादा ट्यूबची प्लास्टिकची टोपी सुदैवाने माझ्या पिशवीत होती. त्याने ब्लेडने तिचे टोक अगदी थोडे कापले, व्हॉल्व्हच्या टोकाची बारीक चकती फिरवून सैल केली आणि टोपी उलटी करून आट्यांवर बसवली. त्या उलट्या टोपीवर त्याचा कॉम्प्रेसरचा पाइप बसला आणि हवा भरली गेली. ही युक्ती त्याला याच रस्त्यावर अडकलेल्या कोण्या सायकलस्वाराने शिकवली होती. वीस रुपये घेऊन त्याने कापलेली टोपी परत माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “जपून ठेवा, इथं दुसरी मिळायची नाही.”

टोपीने तात्पुरते काम भागते, पण पूर्ण दाब मिळत नाही. म्हणून प्रेस्टा व्हॉल्व्ह असलेल्या प्रत्येकाने पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर सीटखालच्या पिशवीत ठेवावा. तो शहरातील सायकलच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि तो असला की गावातील कोणताही पंप आपला होतो. गिरणारे मागे पडल्यावर सायकलीचे सुटे भाग मिळण्याची आशा ठेवू नये. मोबाइलची रेंजही पुढे येत-जात राहते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

धोंडेगावच्या पुढे हरसूलच्या दिशेने रस्ता वर-खाली होत वाघेरा घाटाकडे जातो. मळे संपतात, भात आणि नागलीची खाचरे लागतात, आणि वस्ती महादेव कोळी व कोकणा समाजाची होत जाते. चढ लांब नाहीत, पण एकामागून एक येतात आणि दमवतात. पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ दात्यांची चकती असेल तर मध्यम तयारीचा माणूस न उतरता चढतो. डांबर बहुतेक ठिकाणी चांगले होते, मात्र कडा तुटलेल्या होत्या आणि घाटाच्या वळणांवर पावसाने वाहून आणलेली बारीक खडी पसरलेली होती. २५ मिलिमीटरच्या टायरने येथे येऊ नये. माझे २८ चे टायर जेमतेम पुरले, आणि सर आपल्या ३५ च्या टायरवर बसून वळणागणिक माझ्याकडे मिस्कीलपणे पाहत होते. गावांतील गतिरोधकांवर पांढरे पट्टे नसतात, म्हणून शाळा किंवा देऊळ दिसले की आधीच ब्रेकवर बोटे ठेवावीत.

आम्ही घाटमाथ्यावरूनच परत फिरलो. घाट उतरून हरसूलला जाता येते आणि तेथून त्र्यंबकमार्गे वर्तुळ पूर्ण करता येते, पण त्यासाठी अख्खा दिवस आणि ताजे पाय हवेत. ज्यांना दुपारपर्यंत घरी पोहोचायचे आहे त्यांनी घाट उतरू नये, कारण उतरताना जो आनंद मिळतो त्याची वसुली परतीच्या चढावर उन्हात होते.

परतीला गिरणारे अकराच्या आत गाठावे. हे टोमॅटोचे मोठे खरेदीचे गाव आहे आणि हंगामात दुपारनंतर क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रीघ लागते. त्या वेळी हाच रस्ता अरुंद आणि घाईचा होतो. आम्ही तेथे मिसळ आणि दोन-दोन कप चहा घेतला, बाटल्या भरल्या आणि बाराला काही मिनिटे कमी असताना शहरात पोहोचलो. सायंकाळी गंगापूर रोडवर सायकल घालूच नये. वायनरींकडून परतणाऱ्या मोटारींचा वेग आणि चालकांची अवस्था या दोन्हींची खात्री देता येत नाही.

गुरुवारची फेरी त्र्यंबक रस्त्याने. हा रस्ता रुंद आणि सरळ आहे, म्हणूनच कंटाळवाणा आहे, आणि तो लवकर उरकावा. सातपूर औद्योगिक वसाहत सव्वासहाच्या आत मागे टाकावी, कारण पहिल्या पाळीची वाहने त्यानंतर वाढतात. महिरावणीनंतर डावीकडे अंजनेरीचा कातळ उजळू लागला की मन थाऱ्यावर येते. त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडी फाट्याला डावीकडे वळले की काही मिनिटांतच गाड्यांचा आवाज बंद होतो. एका बाजूला अंजनेरी, दुसऱ्या बाजूला ब्रह्मगिरी आणि मधून पहिनेकडे जाणारा रस्ता.

पहिनेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तेथे धबधब्यांसाठी एवढी गर्दी उसळते की मोटारी दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात आणि मधून पायी चालणेही कठीण होते. त्या दिवशी सायकल नेऊ नये. श्रावणातील सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी संपूर्ण परिसर भाविकांनी भरलेला असतो. तो दिवस त्यांचा आहे. मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारीतील कामाच्या दिवशी हाच घाट आपला एकट्याचा असतो. आम्हाला त्या दोन तासांत गुराख्यांची तीन मुले आणि एक एसटी भेटली.

पहिनेच्या पुढे घोटीकडे जाताना कोठेतरी आपण पाणलोटाची सीमा ओलांडतो. ती दाखवणारा फलक नाही आणि चढही असा काही नाही की ध्यानात यावा. पण मंगळवारी पाहिलेले काश्यपीचे पाणी गोदावरीतून पैठणच्या नाथसागराकडे आणि शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते, तर येथून पुढचे ओहोळ वैतरणेला मिळून पश्चिमेला वळतात. समोर पसरलेला ऊर्ध्व वैतरणेचा जलाशय मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक आहे. सर आयुष्यभर भूगोल शिकवत आले. त्यांनी सायकल उभी केली, बाटलीतले थोडे पाणी रस्त्याच्या उतारावर ओतले आणि ते कोणत्या बाजूला वाहते ते वाकून पाहिले. ते सरळ एका खड्ड्यात जाऊन थांबले.

वैतरणेचा फुगवटा बोटांसारखा डोंगरांच्या मध्ये शिरलेला आहे, त्यामुळे रस्ता वळला की पाणी कधी डाव्या हाताला येते, कधी उजव्या. कापणीला आलेल्या भाताचा वास सगळीकडे भरून राहिला होता. काही ठिकाणी कापलेल्या पेंढ्या रस्त्यावरच पसरलेल्या असतात. त्या चाकात आणि डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, अडकतात, तेव्हा उतरून बाजूने सायकल न्यावी आणि पसरणाऱ्याशी वाद घालू नये. पाण्यात उतरणे टाळावे. काठ गाळाचा असतो आणि तळ एकाएकी खोल जातो. या भागात खाण्याची सोय तुरळक आहे, म्हणून भाकरी-चटणी किंवा चिक्की सोबत ठेवावी आणि त्र्यंबकच्या फाट्यावर बाटल्या भरून घ्याव्यात. दोन लिटरपेक्षा कमी पाणी पुरत नाही.

आमच्या मीटरवर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास नोंद झाली. घोटीला उतरून महामार्गाने परतणे अंतराच्या हिशेबाने सोपे दिसते, पण मुंबई-आग्रा महामार्गावरील ट्रकांच्या लाटेत शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर काढणे मला मान्य नाही, म्हणून आम्ही आल्या वाटेनेच परतलो. जून ते सप्टेंबर या काळात जाणाऱ्यांच्या पदरी यात एक फायदाही पडतो: पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा सकाळी ताज्या पायांनी त्याला तोंड द्यावे आणि दुपारी तोच पाठीवर घेऊन घरी यावे. ऑक्टोबरमध्ये वारा पडलेला असतो. त्या बदल्यात ऊन कडक असते, आणि दहानंतर अंजनेरी ते सातपूर या पट्ट्यात सावलीचे झाड शोधावे लागते.

ज्यांना चढ झेपत नाहीत किंवा ज्यांच्यासोबत मुले आहेत, त्यांनी थंडीत पूर्वेकडचा नांदूरमध्यमेश्वरचा सपाट मुलूख पाहावा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हा जलाशय २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. जंगल तेथे नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पक्ष्यांची चंगळ असते. सायकली मोटारीवर लादून चांदोरी-सायखेड्यापर्यंत न्याव्यात आणि तेथून चापडगावच्या बाजूने गावरस्ते धरावेत. ऊसतोडीचे दिवस असतील तर ट्रॅक्टरला जोडलेल्या दुहेरी ट्रॉल्या वळताना किती जागा घेतात, ते आधी दुरून पाहून मगच त्यांच्या शेजारून जावे.