तुम्ही विचारलेत म्हणून: साठ वर्षे एकाच घरात राहिलेल्या मालकिणीविषयी

गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते आहे. पहिल्या भेटीत प्लॅन टेबलावर पसरण्याआधीच बहुतेक जण मला एक प्रश्न विचारतात: "मॅडम, आर्किटेक्टने काढलेल्या घरात आयुष्यभर राहणं जमतं का? की ते घर शेवटपर्यंत त्याचंच राहतं आणि आम्ही आपले पाहुण्यासारखे वावरतो?" या प्रश्नामागची भीती खरी असते, म्हणून मी तो कधी उडवून लावत नाही. उत्तरादाखल मी नेदरलँड्समधल्या एका बाईंची गोष्ट सांगते. बैठकीत ती नेहमीच अर्धी राहते, म्हणून इथे नीट लिहिते आहे.

ट्रूस श्रोडर-श्रेडर यांचा जन्म 1889 सालचा. त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि 1911 मध्ये त्यांचे लग्न त्यांच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एका वकिलाशी झाले. उट्रेख्त शहरातले त्यांचे घर प्रशस्त आणि प्रतिष्ठेला साजेसे होते, पण ट्रूस यांचे मन त्यात रमले नाही, आणि मुलांना कसे वाढवावे याबाबतही पती-पत्नींचे एकमत नव्हते. 1921 मध्ये त्या घरातली एक खोली त्यांनी गेरिट रीटफेल्ड यांच्याकडून आपल्या मनासारखी करून घेतली. रीटफेल्ड हे सुतारकाम शिकून वर आलेले कारागीर होते आणि पुढे त्यांची लाल-निळी खुर्ची जगभर गाजली. 1923 मध्ये पतीचे निधन झाले तेव्हा ट्रूस चौतिशीच्या आत-बाहेर होत्या आणि पदरी तीन मुले होती. मोठे घर सोडून लहान घर बांधायचे त्यांनी ठरवले, त्याचा आराखडा रीटफेल्ड यांच्याकडूनच करून घेतला, आणि 1924 मध्ये प्रिन्स हेंड्रिकलान या रस्त्यावर, विटांच्या घरांच्या रांगेच्या अगदी टोकाला, ते उभे राहिले. त्या वेळी शहर तिथे संपत होते आणि खिडकीतून सपाट शेते दिसत होती.

पांढऱ्या-करड्या भिंती, एकमेकींपासून सुटल्यासारख्या वाटणाऱ्या गच्च्या, लाल-पिवळ्या-निळ्या रेषा, असे त्या घराचे बाहेरचे रूप आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पुस्तकात असते, त्यामुळे त्याविषयी इथे लिहीत नाही. काँक्रीटचे वाटणारे ते घर मुख्यतः विटांचे आणि गिलाव्याचे आहे, एवढे मात्र सांगते, कारण घर पाहून आलेलेही पुष्कळदा त्यात फसतात.

मला महत्त्वाचे वाटते ते बाईंचे मागणे. त्यांनी आर्किटेक्टला 'छान काहीतरी करा' असे सांगितले नाही. प्रत्येक खोलीत पलंग मावला पाहिजे, प्रत्येक खोलीत नळ आणि सांडपाण्याची सोय हवी, मुलांना वेगळे कोंडायचे नाही आणि मोठ्यांचे बोलणे त्यांच्या कानांवर पडले पाहिजे, अशा अगदी राहण्यातल्या अटी त्यांनी घातल्या. वरच्या मजल्यावर खोल्या आखल्या गेल्या तेव्हा या भिंतीही काढता येणार नाहीत का, हा प्रश्नही त्यांचाच होता, आणि त्यातून त्या मजल्यावरची सरकती पार्टिशने जन्माला आली. दिवसा तो सगळा मजला एकच मोकळी जागा असतो. रात्री पार्टिशने ओढली की मुलींची खोली, मुलाची खोली आणि बैठक वेगवेगळी होते. त्या काळच्या बांधकामाच्या नियमांत अशी मोकळी जागा बसत नव्हती, म्हणून परवानगीच्या नकाशात हा मजला पोटमाळा म्हणून दाखवला गेला.

ते घर मी स्वतः पाहिले तेव्हा जोड्यांवर कापडी पिशव्या चढवून आम्ही थोडेच जण वर गेलो. वाटाड्या मुलीने एक पार्टिशन जमिनीतल्या खाचेतून सरकवत आणले, दुसरे त्याला काटकोनात मिळवले, आणि आम्ही उभे होतो तिथे बघता बघता एक खोली तयार झाली. मग तिने जेवणाच्या टेबलाजवळच्या कोपऱ्यातल्या दोन्ही खिडक्या बाहेर ढकलल्या. त्या दोहोंच्या मध्ये खांब नाही, त्यामुळे खिडक्या उघडताच घराचा कोपराच नाहीसा झाला आणि आम्ही एकदम झाडांच्या उंचीवर, बाहेरच्या हवेत येऊन बसल्यासारखे झालो. पुस्तकातल्या फोटोवरून मला हे कधीही समजले नव्हते. खालच्या स्वयंपाकघरातून जेवण वर आणणारा छोटा लिफ्ट त्या टेबलाच्या जवळच आहे.

मला तिथे आठवली ती सदाशिव पेठेतल्या वाड्यातली आमची दोन खोल्यांची जागा. सकाळची बैठकीची खोली रात्री गाद्या पडल्या की निजायची होत असे, आणि दोरीवर आईचे लुगडे टाकले की त्याच्या आडोशाला माझी आत्या परीक्षेचा अभ्यास करत असे. आम्ही ते नाइलाजाने करत होतो, आणि या बाईंनी भरल्या घरातून उठून ते आपण होऊन निवडले होते. म्हणूनच मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. रोज सकाळी भिंती उघडायच्या आणि रोज रात्री लावायच्या, हे काम कौतुकाने दोन महिने करता येते, पण वर्षानुवर्षे करायला घरावर तशीच निष्ठा लागते.

मुलांना त्याची किंमतही मोजावी लागली, कारण अशा विचित्र घरात राहता म्हणून शाळासोबती त्यांना चिडवत. तरी धाकटी मुलगी हान पुढे स्वतः आर्किटेक्ट झाली. तळमजल्यावरच्या एका खोलीत पहिली काही वर्षे रीटफेल्ड यांचे कार्यालय होते आणि ट्रूस त्यांच्याबरोबर कामही करत. समोरच्या जागेवर 1931 मध्ये घरांची जी रांग उभी राहिली, ती या दोघांच्या एकत्रित कामातली आहे. मुले मोठी होऊन बाहेर पडली तसे घरही बदलत गेले. तळमजला त्यांनी भाड्याने दिला, स्वतःसाठी स्वयंपाकघर वर आणले, तीसच्या दशकात काही काळ खाली लहान मुलांची मॉन्टेसरी शाळाही भरत होती, आणि गच्चीवर बांधलेली एक खोली पुढे 1958 मध्ये काढून टाकली. त्याच वर्षी, पत्नीच्या निधनानंतर, रीटफेल्ड या घरात राहायला आले आणि 1964 मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. साठच्या दशकातच घरासमोरून उंचावरचा मोठा रस्ता गेला आणि ज्या मोकळ्या शेतांसाठी हा कोपरा खिडकीत उघडला होता, ती शेते दिसेनाशी झाली. ट्रूस यांनी तरीही घर सोडले नाही. 1985 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या पंचाण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या घरात त्यांना साठ वर्षे झाली होती.

घर पुढे टिकावे याची तजवीज त्यांनी हयातीतच केली होती. 1970 मध्ये त्यासाठी एक न्यास स्थापन झाला, 1974 मध्ये बाहेरची दुरुस्ती झाली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर आतली दुरुस्ती करून 1987 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. 2000 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ही दुरुस्ती करणारे बेर्टुस मुल्डर यांच्या कामाविषयी मला आदर आहे, पण एका गोष्टीची हळहळ वाटते. घर पुन्हा 1920 च्या दशकातल्या रूपात नेताना ट्रूस यांनी नंतर केलेले बदल पुसले गेले. वरचे स्वयंपाकघर आता तिथे नाही. मी ते मुद्दाम शोधले. ज्या घराचे मोठेपण बदलता येण्यात आहे, त्यात साठ वर्षांच्या बदलांतले निदान एखादे तरी ठेवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. रीटफेल्ड यांनी काढलेले घर तिथे पाहायला मिळते, पण बाई उतारवयात ज्या घरात चहा करून घेत असतील, ते मिळत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: राहणे जमते, मात्र आर्किटेक्टकडे येताना तुमच्या अटी घेऊन या, आणि किल्ली हातात आल्यावर घर बदलायला कचरू नका. माझ्या घरांत ज्यांनी माळे पाडले, ओटे हलवले आणि खिडकीत बसायला कट्टा करून घेतला, त्यांच्याकडे मी आजही आवर्जून जाते.

त्या घराच्या बाहेर डच भाषेत एक सूचना लिहिलेली आहे: आधी घंटा वाजवा, उत्तर आले नाही तर बोलनळी वापरा. नळीचे दुसरे टोक वरच्या मजल्यावर निघते. त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि बाकीचे रस्त्याकडे निघाले होते. मी थोडी मागे राहिले, वाकून त्या नळीजवळ तोंड नेले, आणि मराठीतच, हळू आवाजात, येते म्हणून सांगितले.