बिल्ड लॉग : खेळताना बंद पडणारा पीसी आणि भिंतीतला सॉकेट

८ जून २०२४, शनिवार

रात्रीच्या एसटीने वाईहून निघालो आणि सकाळी मुंबई सेंट्रलला उतरलो. दुकानं उघडेपर्यंत लॅमिंग्टन रोडवर दोन चहा झाले. या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट्स घ्यायला येणारे सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. संध्याकाळपर्यंत सगळं सामान हातात होतं, जीएसटीच्या बिलासकट. बिलावरचा सीरियल नंबर काउंटरवरच खोक्याशी ताडून बघितला. वॉरंटीसाठी पुढे हाच कागद लागतो आणि वाईहून परत फेरी म्हणजे दोन दिवस जातात.

जुना पीसी दहा वर्षांचा आहे : आय५-४४६० प्रोसेसर आणि मागाहून घातलेलं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड. त्याने खूप साथ दिली. पण त्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि नव्या गेमना चार जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) पुरत नाही.

नवीन यादी अशी : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड, डीडीआर५-६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर आणि यूपीएस जुनेच.

प्रोसेसरवर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. आधीच्या पिढीतला रायझन ५ ५६०० घेतला असता तर बोर्ड आणि रॅम धरून बरेच पैसे वाचले असते. पण मी पीसी दहा वर्षं वापरणारा माणूस आहे, त्यामुळे पुढे प्रोसेसर बदलता येईल का हे मला फ्रेमरेटपेक्षा (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्यापेक्षा) महत्त्वाचं वाटतं. २०१७ साली एएमडीच्या आधीच्या, एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतलेल्या कितीतरी जणांनी २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी प्रोसेसर नुसतं बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बसवला. ७६०० ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने याच आठवड्यात कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात सांगितलं. तेवढं मला पुरेसं होतं.

७५००एफ हा प्रोसेसर आणखी स्वस्त होता, पण त्यात अंगचं ग्राफिक नाही. ७६०० मध्ये ते छोटं का होईना, आहे. कार्ड बिघडलं किंवा त्याच्यावर संशय आला, तर कार्ड काढून बोर्डावरून डिस्प्ले घेता येतो. माझ्यासारख्या आडगावी राहणाऱ्याकडे दुसरं कार्ड पडून नसतं, त्यामुळे त्या जादा पैशांचं मला वाईट वाटलं नाही.

कार्डाच्या बाबतीत ३०६० चा १२ जीबी व्हीरॅम खुणावत होता. शेवटी ४०६० घेतलं ते वॅट बघून : ३०६० चे १७० आणि ४०६० चे ११५. आमच्याकडे संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो आणि सगळं यूपीएसवर चालतं. १०८०पी मॉनिटरवर आठ जीबीत माझं भागेल. ज्यांचा बोर्ड जुना, म्हणजे पीसीआयई ३.० स्लॉटवाला आहे, त्यांनी मात्र ४०६० घेताना विचार करावा. या कार्डाला आठच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत, जुन्या स्लॉटमध्ये त्यांचा वेग निम्मा होतो.

९ जून, रविवार

जोडणी. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. झाकण उघडलं की सोनेरी केसांचं शेत दिसतं, आणि त्यावर स्क्रू पडला तर बोर्ड गेला. म्हणून पंखा बंद केला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि प्रोसेसर कडांना धरून सरळ खाली ठेवला. दांडी दाबताना करकर आवाज येतो आणि जोर बराच लागतो. तो आवाज अपेक्षितच आहे, पहिल्यांदा करणाऱ्यांनी घाबरू नये.

सोबत आलेला कूलर स्क्रूने बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात. एएम४वर पट्ट्या काढल्या की मागची प्लेट सुटून खाली पडायची. एएम५वर ती सॉकेटलाच जखडलेली असते. चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

रात्री नऊला बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला रॅमचा पिवळा दिवा लागून राहिला. मिनिटभर थांबलो, बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. रॅम काढून परत बसवली. तेच. मग आठवलं की डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक स्टिकशी कोणत्या वेळेला किती बोलायचं हे तपासून ठरवतो. मी दर मिनिटाला बंद करून त्याचं काम मध्येच तोडत होतो. या वेळी बटण दाबलं आणि घड्याळ बघत बसलो. चार मिनिटं चाळीस सेकंदांनी बायोस दिसलं.

रॅम तेव्हा ४८०० वर होती. एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर ६००० झाली, आणि त्यासाठी पुन्हा एकदा ट्रेनिंग.

२३ जून, रविवार

पहिला आठवडा मस्त गेला. फोर्झा होरायझन ५ हाय सेटिंगवर सेकंदाला शंभर फ्रेमच्या वर चालतो, इतकी वर्षं ते फक्त व्हिडिओत बघितलं होतं. पण या आठवड्यात खेळता खेळता पीसी तीनदा गपकन बंद पडला. निळी स्क्रीन नाही, अडकणं नाही, एकदम काळोख.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१. ही नोंद बघून लोक लगेच एसएमपीएस बदलायला सांगतात. वास्तविक ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, कारण त्यात नसतं. डब्ल्यूएचइएची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, एकही नोंद नव्हती, म्हणून प्रोसेसरवरचा संशय थोडा कमी झाला.

तापमान : कार्ड ६८ अंश, प्रोसेसर ८५ च्या आसपास. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, तेव्हा ते कारण नाही. एक्स्पो बंद करून खेळलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बंद. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला, चार पास, शून्य चुका. मग कार्ड काढलं आणि बोर्डावरच्या डिस्प्लेवर तीन दिवस काम केलं, हलके गेम खेळलो. एकदाही बंद नाही. कार्ड घातलं, त्याच संध्याकाळी बंद.

एवढ्यावरून मी कार्डच खराब आहे असं ठरवून टाकलं. दुकानदाराला फोनही केला. आता मागे वळून बघताना कळतं की त्या तपासणीत एका वेळी दोन गोष्टी बदलत होत्या : कार्ड गेलं, आणि त्याच्यासोबत शंभरावर वॅटचा लोडही गेला.

३० जून, रविवार

मित्र साताऱ्याला राहतो, अख्खा पीसी त्याच्याकडे नेला. सकाळी अकरा ते रात्री आठ, तोच गेम, तेच कार्ड. एकदाही बंद पडला नाही. म्हणजे दोष डब्यात नाही, आमच्या घरात आहे.

घरी आणून जोडला आणि दुसरीच गोष्ट समोर आली. आई फरशी पुसत होती, ओल्या पायांनी. म्हणाली, "अरे, तुझ्या त्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात बघ. फ्रिजलाही येतात पावसाळ्यात."

टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला टेकवला, लाल उजळला. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवला, एक टोक सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये, दुसरं कॅबिनेटला : १०८ व्होल्ट. फेज-न्यूट्रल २२६. म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे, आणि तो योगायोग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यात फेजपासून बॉडीपर्यंत एक आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत एक असे दोन सारखे कपॅसिटर असतात. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लटकत राहते, निम्म्या व्होल्टवर. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण खरी भीती वेगळी आहे : उद्या आत एखादी वायर बॉडीला लागली तर अर्थिंग नसलेल्या घरात ना फ्यूज उडेल, ना एमसीबी पडेल.

सॉकेट उघडलं. तीन पिनांचं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर कुणीतरी नुसतं नवं सॉकेट चढवलं होतं.

६ जुलै, शनिवार

वायरमन काका आले. परसात खड्डा खणला, पावसाने माती मऊ होती म्हणून दुपारपर्यंत आटोपलं. अडीच मीटरचा जीआय पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ आळीपाळीने, वर पाणी ओतायला नरसाळं आणि विटांचं छोटं चौकट. तिथून हिरवी वायर मीटरच्या बोर्डापर्यंत, आणि तिथून माझ्या खोलीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटपर्यंत. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवली. काका म्हणाले, "उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं राहतं."

नंतरचे आकडे : फेज-अर्थ २२५, न्यूट्रल-अर्थ दीड. कॅबिनेटला टेस्टर लावला, विझलेला. आईला मुद्दाम हात लावायला सांगितलं. हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण असायची, ती मी साउंड ड्रायव्हरच्या माथी मारत होतो. तीही गेली.

पण पीसी त्याच संध्याकाळी, साडेसातला, पुन्हा बंद पडला. अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही या अख्ख्या बिल्डमध्ये सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे मी तेच धरतो.

७ जुलै, रविवार

आज संध्याकाळी गेम लावला आणि स्क्रीनऐवजी खोलीतल्या जुन्या पिवळ्या बल्बकडे बघत बसलो. सात पस्तीसला शेजारच्या बोअरची मोटर चालू झाली. बल्ब क्षणभर मंदावला, यूपीएसमधून टक् आवाज आला, आणि पीसी गेला.

मग मुद्दाम करून बघितलं. डेस्कटॉपवर असताना यूपीएसचा प्लग काढला : पीसी चालू राहिला. गेममध्ये असताना काढला : लगेच बंद. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॅटचा. एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्ड ११२ आणि प्रोसेसर ७० दाखवतं. बोर्ड, पंखे आणि एसएमपीएसमधली गळती धरली की भिंतीतून अडीचशे, मॉनिटरचे तीस वेगळे. कागदावर बसतं. पण आतली बॅटरी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासाची आणि चार वर्षं जुनी. २८० वॅट द्यायचे तर तिच्यातून तीस अँपिअरच्या घरात करंट ओढला जातो.

१३ जुलै, शनिवार

बॅटरी बाहेर काढून तपासली. नुसती मोजली तर १२.७ व्होल्ट, अगदी ठणठणीत. गॅरेजमधून गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब आणला होता, तो तिला जोडला. दहा सेकंदांत १०.४. साडेचार अँपिअरला ही अवस्था, तर तीसला काय होत असेल! यूपीएसची बॅटरी लोडशिवाय मोजण्यात अर्थ नाही, ही गोष्ट मला या बल्बाने दाखवली.

नवीन बॅटरी त्याच बल्बवर १२.३ ला थांबली. बसवली, गेम लावला, प्लग काढला. पाचपैकी चार वेळा पीसी चालू राहिला, पाचव्यांदा गेला.

ती पाचवी वेळ लोडिंग स्क्रीनवरची होती, तिथे फ्रेमरेट मोकाट सुटतो आणि कार्ड एकदम ओढ घेतं. शिवाय या यूपीएसचा बॅटरीवरचा तरंग गोलाकार नसतो, पायऱ्यांचा असतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (करंट तरंगाच्या आकाराशी जुळवून घेणारे) आजचे एसएमपीएस गोल तरंग गृहीत धरून करंट घेतात, त्यामुळे पायऱ्यांच्या तरंगावर करंटचे झटके मोठे बसतात आणि यूपीएसला तो ओव्हरलोड वाटतो. फ्रेमरेट १२० ला बांधला आणि पुन्हा प्लग काढला. दहापैकी दहा वेळा चालू.

जुन्या पीसीबरोबर हे कधीच झालं नाही, कारण १०५० टीआय ७५ वॅटच्या वर जातच नव्हतं. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच थकली असणार, तिला जोर लावायची वेळच आली नव्हती.

दिवाळीपर्यंत पैसे जमले की शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे गोल तरंगाचा, १००० व्हीएचा यूपीएस घेणार आहे. कुणी तो रायझन आणि ४०६० वर वापरत असेल, तर गेम चालू असताना प्लग काढून बघितलाय का, तेवढं सांगा. दुकानदाराला फोन करून कार्डाची तक्रार मागे घेतली.

आज सात पस्तीसला बोअरची मोटर लागली. बल्ब मंदावला, टक् झालं, आणि गाडी वळणावरून पुढे निघून गेली.