विभावरी म्हणजे रात्र

"मावशी, पुस्तक तिचंच ना? मग नाव खोटं का?"

भाचीच्या हातात माझ्याकडचा विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह होता. मी सांगितलं, विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. १९३३ मध्ये शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं उघड लिहिलं, आणि गदारोळ उठला. ही बाई कोण, याचाच शोध सुरू झाला. तरी पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली! मला त्या धाडसाचं फार अप्रूप आहे.

"विभावरी म्हणजे?"

"रात्र."

ती जरा थांबली. "म्हणजे अंधारात बसून लिहिणारी?"

संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. आजही माझ्या दोन मैत्रिणी टोपणनावानेच लिहितात.

तुमच्या ओळखीत आहे का कुणी अशी?