कागदाचा आवाज

गेल्या वर्षी एकाच दिवशी मी एकच सीन दोनदा केला, सकाळी कॅमेऱ्यासमोर आणि रात्री स्टेजवर. ज्या नाटकात मी धाकट्या मुलाचं काम करतो त्याच्यावरच सिनेमा निघत होता, भूमिका तीच, आणि शूटिंगच्या दिवसांतच आमचा ११३ वा प्रयोग आलेला, त्यामुळे प्रॉडक्शनला आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी काही झालं तरी पाचला मला सोडा.

सीन तसा छोटा आहे. आई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालतेय, मी पत्र वाचतो, त्यात मोठा भाऊ गेल्याचं लिहिलंय, आईला वाचता येत नाही. मी पत्राची घडी घालतो, ती वळते आणि विचारते, "काय लिहिलंय रे?" आणि मी खोटं सांगतो. नाटकात हे दुसऱ्या अंकात येतं, तोपर्यंत दीड तास मी त्या घरात वावरलेलो असतो, आवाज तापलेला असतो, भावाशी भांडून झालेलं असतं. सिनेमात हाच सीन शेड्यूलच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला. भावाचं काम करणाऱ्या नटाला मी अजून भेटलोही नव्हतो. आईचं काम करणाऱ्या बाई मेकअपमध्ये होत्या, त्यांच्या जागी कॅमेऱ्याच्या मॅट बॉक्सला, म्हणजे लेन्सपुढच्या चौकटीला, टेपचा एक तुकडा चिकटवलेला, तीच माझी आई.

पहिला टेक मी ११२ प्रयोगांत केला तसाच केला. हात थरथरले, कागद फडफडला. कट झाल्या झाल्या साउंडवाला म्हणाला कागद इतका वाजतोय की तुझा श्वासच ऐकू येत नाही, आणि कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा फोकस पुलर म्हणाला मान हलवू नकोस. ८५ मिलिमीटरची लेन्स होती आणि ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, उघडं, अशा वेळी शार्प राहणारा पट्टा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, डोळे फोकसमध्ये असले तर कान नसतात. डायरेक्टर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू मला सांगतोयस की तुला दुःख झालंय. सांगू नकोस. नुसतं वाच."

मग आर्टवाल्या मुलानं स्प्रेची बाटली आणली, पत्राच्या मागच्या बाजूला दोन फवारे मारले आणि तळहातानं पसरवले. बॉलपेननं लिहिलेलं होतं म्हणून अक्षर फुटलं नाही, कागद मात्र फडक्यासारखा मऊ झाला, घडी घातली तरी हूं की चूं नाही. आवाज बंद करायची ही जुनी युक्ती आहे, मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली.

सहाव्या टेकला मी खरंच वाचलं. स्टेजवरचं आमचं पत्र कोरं असतं, मजकूर पाठ असतो आणि नजर नुसती ओळींवरून फिरवायची असते. इथे कुणीतरी बसून अख्खं पत्र लिहिलं होतं, आणि तिसऱ्या ओळीत 'काल' खोडून वर 'परवा' केलं होतं. कोण जाणे लिहिणाऱ्याची चूक होती का मुद्दाम, पण माझी नजर तिथे अडकली. भाऊ परवा गेला आणि काल आम्ही इथे हसत होतो. मी काहीच केलं नाही, अंगठ्यानं दाबून घडी घातली. टेक ओके झाला. मग वेगवेगळ्या अँगलनी तीच घडी, तोच अंगठा, तोच हात, कंटिन्युटीवाली मुलगी दर वेळी फोटो दाखवायची, असं करत ती घडी हातात इतकी बसली की विचारायची सोय नाही.

गाडीत डोळे मिटून पडलो तरी झोप आली नाही. बाहेरून बघणाऱ्याला नटाचं करिअर एका यादीत दिसतं. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये डॉक्टरी सोडली, १९७० ला 'नटसम्राट' रंगमंचावर आलं, १९७२ ला 'पिंजरा' आला, वाचायला सरळ रेषा वाटते. पण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना शरीराला काय करावं लागतं ते यादीत कुठे येतं? इंग्लंडच्या रंगभूमीवरचा मोठा नट लॉरेन्स ऑलिव्हिए, त्यालाही सिनेमाकडे आदरानं बघायला १९३९ मध्ये दिग्दर्शक विल्यम वायलरनं शिकवलं आणि त्याचं श्रेय ऑलिव्हिएनं पुढे मोकळेपणानं दिलं. हे मला फार धीर देतं.

रात्री साडेआठचा प्रयोग, तिसरी घंटा, पडदा. दुसरा अंक आला. नाटकात आईचं काम करणाऱ्या ताई पाठमोऱ्या बसलेल्या. मी पत्र उघडलं आणि त्या कोऱ्या कागदावर मला ते खोडलेलं 'काल' स्वच्छ दिसलं, नजर बरोबर तिथेच थांबली. आतून इतकं खरं काही ११२ प्रयोगांत कधी झालं नव्हतं. मी घडी घातली. अंगठ्यानं, दाबून, सकाळसारखी.

ताई वळल्या नाहीत.

त्यांच्या पुढ्यात चार कपडे असतात, ठरलेले. चौथ्याची घडी झाली. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कागद वाजला नाही आणि तो आवाज हाच त्यांचा क्यू, वळायची खूण आहे. इथे कुणी कट म्हणणार नव्हतं. थिएटर चिडीचूप. आता मुद्दाम कागद चुरगळला असता तर सगळंच खोटं झालं असतं. मी म्हटलं, "आई." हा शब्द नाटकात त्या जागी नाहीच. ताई हातातला कपडा तसाच धरून सावकाश वळल्या, माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि मग विचारलं, "काय लिहिलंय रे?" त्या दिवशी आईला सगळं कळलं होतं. मी खोटं बोललो आणि ते ती ऐकून घेत होती.

अंक संपल्यावर विंगेत त्यांनी माझं मनगट धरलं. "कागद का नाही वाजवलास?"

मी सकाळचं सगळं सांगितलं, स्प्रे, खोडलेला शब्द, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला जे सापडलं ते सोन्यासारखं आहे, सोडू नकोस. पण ते माझ्यापर्यंत आलं नाही रे. मी पाठमोरी बसलेय, मला तुझा चेहरा दिसत नाही. शेवटच्या रांगेला तरी कुठे दिसतो?"

लोक सर्रास म्हणतात, नाटकवाल्यानं सिनेमात गेलं की कमी करायचं. मला हे आता पटत नाही. सकाळी मी कमी केलं नव्हतं, माझं जे होतं ते उचलून न्यायला लेन्स होती, बूम माइक होता, फोकस पुलर होता. रात्री ते पोचवणारा मी एकटा होतो आणि माझ्याकडे पाठ करून बसलेली बाई माझ्या एका आवाजाच्या भरवशावर होती.

पुढच्या प्रयोगाच्या आधी मी मेकअप रूममध्ये बसून ते पत्र स्वतः बॉलपेननं लिहिलं, तिसऱ्या ओळीत 'काल' खोडून 'परवा' केलं. कागद करकरीत घेतला. घडी अंगठ्यानं नाही, दोन्ही हातांनी घालतो, ताईंना ऐकू जाईल अशी. चार प्रयोग झाले की कागद मऊ पडतो आणि वाजत नाही, मग नवीन लिहितो.