कप्पा काही भरेना

संशोधनासाठी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या २४ मुलाखती घेतल्या, उतरवून काढल्या, मुलाखतींचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर शिकले, कोडिंग केलं, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थानुसार लेबलं लावली. ते सगळं निभावलं. मी अडकले ती संशोधन तपासणाऱ्या समितीच्या एका ओळीपाशी: "दुसऱ्या कोडरकडून पडताळणी करून कप्पा द्यावा, ०.८ च्या वर."

तोवर मला कप्पा म्हणजे कपाटाचा एवढंच माहीत. हा कप्पा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला. दोन माणसांचं निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं, तेवढं वजा करून खरी सहमती किती उरते ते तो सांगतो; पूर्ण सहमती म्हणजे १. एका मैत्रिणीला गळ घातली. तिने पाच मुलाखती कोड केल्या, मी दोन्ही फाइली एकत्र केल्या आणि सॉफ्टवेअरने सांगितलं की कोडर एकच आहे! ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर काम करत होती आणि तिथे यूजर म्हणून माझंच नाव होतं. म्हणजे तिचं सगळं काम माझ्या खात्यावर जमा. पुन्हा केलं, तर पाच मुलाखतींच्या सहा झाल्या, कारण तिने एका ट्रान्सक्रिप्टमधली शुद्धलेखनाची चूक प्रेमाने सुधारली होती. मजकुरात एवढासा फरक पडला तरी आमचं सॉफ्टवेअर त्याला वेगळा दस्तऐवज मानतं. कोडिंग सुरू झालं की ट्रान्सक्रिप्टला हात लावू नका, आणि दुसऱ्यालाही लावू देऊ नका.

शेवटी आकडा आला. 'खंत' या कोडवर सहमती ९२ टक्के, आणि कप्पा ०.३१.

तीन आठवडे मी हे कोडं घेऊन बसले. मैत्रिणीवर चिडले, मग स्वतःवर. एका रात्री दोघींच्या कोडिंगच्या रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमचं सॉफ्टवेअर तुलना अक्षरागणिक करतं. मी नेमकं वाक्य उचलायचे, ती अख्खं उत्तर. समजा मजकूर १०,००० अक्षरांचा आहे. त्यातली २०० अक्षरं मी कोड केली, तिने १,०००, आणि माझी २०० तिच्यातच आली. उरलेल्या ९,००० अक्षरांना दोघींनीही हात लावलेला नाही, ती आणि सामाईक २०० धरून सहमती ९२ टक्के. पण इतक्या रिकाम्या जागेत नुसत्या योगायोगानेच ८८.४ टक्के जुळलं असतं. ते वजा केलं की उरतात ३.६, आणि योगायोगापलीकडे जुळायला जागा होती ११.६ ची. ३.६ भागिले ११.६, म्हणजे ०.३१. अर्थाबद्दल आमचं भांडण नव्हतंच, कात्री कुठे लावायची याचं होतं!

मग कोडबुक नव्याने लिहिलं. कोड केव्हा लावायचा, केव्हा नाही, एक उदाहरण, आणि सर्वांत वर ठळक अक्षरात: एकक, म्हणजे एका वेळी कोड करायचा तुकडा, म्हणजे पूर्ण उत्तर. 'खंत' आणि 'अपराधीपणा' यांत मात्र दोघींचा खरोखरच गोंधळ होत होता, ते एक करून टाकले. पडताळणीसाठी दुसऱ्या पाच मुलाखती निवडल्या. ज्यांच्यावर वाद घातला त्याच पुन्हा कोड केल्या तर ती पडताळणी नव्हे, पाठांतर. या खेपेला ०.७४. ०.८ नाहीच. उरलेला मतभेद कुठे आणि का, यावर दोन पानं लिहून दिली आणि ती चालली.

राग अजून आहे, तो याचा की ब्राउन आणि क्लार्क या संशोधिकांची रिफ्लेक्सिव्ह (संशोधकाची स्वतःची नजरही विश्लेषणाचा भाग मानणारी) पद्धत वापरणार असं प्रस्तावातच लिहिलं होतं. त्या दोघी तर असला आकडा मागणंच त्यांच्या पद्धतीत बसत नाही म्हणतात, कारण तिथे संशोधकाची नजर हा दोष धरलेला नाही. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. समितीपुढे तोंड उघडलं नाही ते नडलं.

कुठला शब्द किती वेळा आला ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्राला भुलू नका, हेही आता आठवलं. मराठीची विभक्ती त्याला कळत नाही. घर, घरी, घरातून, घराला हे त्याच्या लेखी चार वेगळे शब्द.

आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपायच्या आत प्रोजेक्ट रेफी-क्यूडीए स्वरूपात (अशा सॉफ्टवेअरांमध्ये देवाणघेवाणीसाठीचं सामाईक स्वरूप) बाहेर काढून ठेवा. मजकूर, कोड आणि कोडिंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतं. जतन केलेल्या क्वेरी, म्हणजे कोड केलेल्या मजकुरात शोध घ्यायच्या मांडण्या, मात्र पुन्हा बांधाव्या लागतात. माझ्या अकरा होत्या.